वॉचमन भारी की गाळा? यार्डातल्या ॲपसाठी वापरलेल्या लॉगिन सॉफ्टवेअरचा आणि ॲप प्लॅटफॉर्मचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका वस्तूचा नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एक अडत दुकान आहे, हळद आणि बेदाणा दोन्ही करतात, त्यांच्यासाठी आम्ही ॲप केलं. आम्ही म्हणजे विश्रामबागला एका क्लासच्या वरच्या मजल्यावर बसणारी तीन पोरं, त्यातला मी एक. या एका ॲपच्या नादात दीड वर्षात लॉगिनची तीन सॉफ्टवेअर आणि ॲप बनवायचे तीन-चार प्लॅटफॉर्म हातातून गेले, काही नीट वापरले, काही नुसते चाखून सोडले, आणि आता दर पंधरा दिवसांनी कोणतरी ओळखीचा फोन करून विचारतोय की भावा कुठलं घेऊ, म्हणून एकदाच सगळं टाइप करून टाकतो.

सुरुवात एका एक्सेल शीटनं झाली. मालकांचा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्यानं मामांवर प्रेम म्हणून एक शीट करून पाठवली, त्यात एकाखाली एक की-क्लोक, ऑथ-झिरो, फायरबेस, फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह अशी नावं आणि समोर दहापैकी मार्क. फ्लटरला ९, की-क्लोकला ६. मालक म्हणाले, "मग फ्लटर घ्या की, त्याला जास्त मार्क हायत." मी म्हटलं काका, हे म्हणजे यार्डाच्या गेटवरचा वॉचमन भारी की गाळ्याचं बांधकाम भारी असं विचारल्यासारखं झालं. फ्लटर गाळा बांधतं, म्हणजे ॲप बनवतं, आणि की-क्लोक गेटवर उभं राहून आत कोण चाललंय ते बघतं, म्हणजे लॉगिन सांभाळतं. मालक जरा वेळ गप्प बसले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग वॉचमन आधी बघा. गाळा काय, हाय तसा चालतोय."

आम्ही ऐकलं नाही. इंजिनियर ना आम्ही. पहिले दोन महिने नुसता स्क्रीनचा रंग, ॲनिमेशन, फ्लटर का रिॲक्ट नेटिव्ह ह्याच्यावर वाद घालण्यात गेले आणि लॉगिन म्हणजे काय, एक मोबाईल नंबरचा डबा आणि एक ओटीपीचा डबा, शेवटच्या आठवड्यात करू असं धरून चाललो.

ॲपमध्ये काय आहे ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. शेतकरी माल घेऊन येतो, सौदा होतो, मग त्याची पट्टी निघते: किती पोती, वजन किती, दर काय लागला, हमाली-तोलाई किती गेली, आधी घेतलेली उचल किती वळती केली, हातात किती. ही पट्टी शेतकऱ्याला गावात बसून फोनवर दिसावी एवढंच मालकांना पाहिजे होतं. दिवाणजींना सगळ्यांच्या पट्ट्या, खरेदीदाराला फक्त त्याच्या मालाची बिलं, मालकांना सगळं. आता ह्यात 'उचल' हा शब्द लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथं झाली.

पहिली फेरी फायरबेसची, म्हणजे लॉगिनची तयार ऑनलाइन सोय. गूगलनं २०१४ ला विकत घेतलेलं हे, आणि फ्लटरही गूगलचंच, त्यामुळं दोघांचं जमतं लय भारी. फोन नंबर टाक, ओटीपी ये, आत जा, हे खरंच एका दुपारी उभं राहतं, खोटं नाही सांगत. शेतकऱ्यांकडं ईमेल नसतो, आणि असला तरी तो फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्या दुकानदारालाच माहीत, त्यामुळं फोन नंबरशिवाय पर्याय नव्हता. एक लक्षात ठेवा, फायरबेसचा एसएमएस आता बिलिंग अकाउंट जोडल्याशिवाय चालत नाही, आणि त्या मेसेजचा मजकूर आपल्याला बदलता येत नाही. पण सांगलीच्या एखाद्या पोराला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा छोट्या दुकानासाठी विचाराल तर मी डोळे झाकून फायरबेस सांगेन.

पहिली फजिती आमची आमच्याच हातानं झाली. दिवाणजींना ओटीपीचा कंटाळा, म्हणून त्यांना गूगलच्या खात्यानं लॉगिन दिलं. ऑफिसात माझ्या लॅपटॉपवरून फोनमध्ये ॲप टाकलं, चाललं. प्ले स्टोअरवर चढवलं, यार्डात गेलो, दिवाणजींच्या फोनवर स्टोअरमधून उतरवलं, गूगलचं बटण दाबलं, खातं निवडलं, आणि काही नाही. परत त्याच पानावर. हळदीचा सीझन सुरू, फेब्रुवारीचा शेवट, गाळ्यासमोर पोत्यांची थप्पी, हमाल ओरडतायत, हवेत ती पिवळी धूळ, आणि मी पोत्यावर बसून लॅपटॉपला केबल लावून लॉग बघतोय. त्यात एवढंच: साइन-इन फेल्ड, एक्सेप्शन १०. ज्यांनी हे भोगलंय त्यांना १० आकडा बघूनच घाम फुटला असेल. गोष्ट अशी की ॲपवर सही करणाऱ्या चाव्या दोन असतात. आपण लॅपटॉपवर वापरतो ती वेगळी, आणि प्ले स्टोअर ॲप लोकांना देताना स्वतःच्या चावीनं परत सही करतो ती वेगळी. फायरबेसला ह्या चावीचा एसएचए-१ फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, सांगावा लागतो, आम्ही फक्त आपल्याच चावीचा सांगितला होता. प्ले कन्सोलमध्ये ॲप सायनिंगच्या पानावर तो दुसरा फिंगरप्रिंट लिहिलेलाच असतो, तो उचलून फायरबेसमध्ये टाकला की काम झालं. पाच मिनिटाचं काम, पण ते पाच मिनिट कळायला अख्खा दिवस गेला आणि दिवाणजी संध्याकाळी म्हणाले, "वहीत लिहिलं असतं तर आत्तापर्यंत शंभर पट्ट्या झाल्या असत्या." बरोबर होतं त्यांचं.

मग दुसरी भानगड, आणि ही सॉफ्टवेअरची नव्हती, आमच्या डोक्याची होती. तासगावकडचं एक घर, दोघं भाऊ, शेती वाटून झालेली, दुकानात दोघांची खाती वेगळी. पण दुकानाच्या वहीत दोघांसमोर मोबाईल नंबर एकच, धाकट्याचा, कारण थोरल्याच्या फोनला रेंज नसते आणि निरोप धाकट्याकडूनच जायचा, वर्षानुवर्षं तसंच चाललंय. आम्ही वहीतले नंबर जसेच्या तसे उचलून ॲपमध्ये भरले. फायरबेसमध्ये एक फोन नंबर म्हणजे एकच युजर, त्यामुळं दोन्ही खाती त्या एका युजरला चिकटली. धाकट्यानं ॲप उघडलं आणि त्याला थोरल्या भावाची उचल दिसली. किती ते सांगत नाही, पण घरात कुणाला माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी थोरला सकाळी नऊला दुकानात हजर, आवाज चढलेला, मालक हात जोडून उभे, आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेत ऐकतोय आणि आत जायची हिंमत होत नाही.

त्या दिवशी आमच्या टाळक्यात एकदाचं शिरलं की मोबाईल नंबर म्हणजे माणूस नव्हे. आपल्याकडं नंबर घराचा असतो, कधी पोराचा असतो, कधी शेजाऱ्याचा असतो. वर रिचार्ज नाही केला की सिम बंद, आणि बंद झालेला नंबर कंपन्या ९० दिवस ठेवून मग दुसऱ्या कुणालाही देऊ शकतात, म्हणजे उद्या भलताच माणूस त्या नंबरवर ओटीपी घेऊन आपल्या शेतकऱ्याची पट्टी वाचणार. आयडेंटिटी मॅनेजमेंट हे भारदस्त नाव ऐकून वाटतं की हे बँकांचं काम, आपल्याला काय करायचंय, पण त्याचा अर्थ एवढाच की लॉगिन करणारा, खातेदार आणि नंबर ह्या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आता आमच्याकडं नंबरनं फक्त दरवाजा उघडतो, आत गेल्यावर खातं निवडायचं आणि त्या खात्याचा चार आकडी पिन टाकायचा, पिन दिवाणजी समोर बसवून तोंडी देतात. पोरकट वाटतं, पण त्यानंतर भांडण झालेलं नाही.

आणि एक गोष्ट ह्या निमित्तानं. पहिल्या दिवशी एका आजोबांना ॲप दाखवत होतो, पटका, धोतर, वय सत्तरच्या पुढं. ओटीपी आला, मी म्हटलं आजोबा तो आकडा सांगा. आजोबांनी फोन छातीशी धरला. "ओटीपी कुणाला सांगायचा नस्तो." बँकेनं शिकवलेलं पाठ होतं त्यांचं. मी दहा मिनिटं समजावलं, नाहीच दिला. खरं सांगू, अख्ख्या यार्डात सिक्युरिटी कुणाला कळली असेल तर त्या आजोबांना.

ऑथ-झिरो, ही पण लॉगिनची तयार ऑनलाइन सेवा, आम्ही आठवडाभर बघितली. २०१३ ला दोघांनी काढलेली कंपनी, २०२१ ला लॉगिनच्याच धंद्यातल्या ओक्टा कंपनीनं साडेसहा अब्ज डॉलरचा सौदा करून घेतली. डॉक्युमेंटेशन इतकं स्वच्छ की वाचूनच लॉगिन कसं चालतं ते कळावं, मी ओऑथ २.० आणि ओपनआयडी कनेक्ट, म्हणजे लॉगिनचे सगळीकडं चालणारे ठरलेले नियम, खऱ्या अर्थानं तिथंच शिकलो. फुकटात महिन्याला २५ हजार युजर मिळतात, म्हणजे आपल्या तालुक्याला पुरून उरतील. पण फुकटाच्या पुढं गेलं की हिशोब डॉलरमध्ये, आणि मालकांना दर महिन्याला डॉलरचं बिल समजावत बसायची माझी तयारी नव्हती. बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक असेल तर बिनधास्त घ्या. मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा, म्हणजे आपलं जुनं ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी, २०२३ ला नाव बदललं, ते कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांना बरं, जिथं सगळ्यांना कंपनीचा ईमेल आहे, त्यावरनंच लॉगिन होतं, आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं लायसन आधीच घेतलंय. अडत दुकानात त्याचं काय काम नाही.

मग आलं की-क्लोक. भाच्याच्या शीटमधलं ६ मार्कवालं. हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, रेड हॅट कंपनीकडून २०१४ ला आलं, २०२३ पासून सीएनसीएफ ह्या ओपन सोर्सवाल्या संस्थेच्या पंखाखाली, पैसे शून्य, लायसन अपाची. फक्त सर्व्हर आपला आणि डोकेदुखी पण आपली. मालकांचं म्हणणं सर्व्हर गाळ्यातच ठेवा, मशीन घेऊन देतो. मी म्हटलं काका, २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं होतं आठवतंय का. त्यांना त्याच्याही मागचं आठवलं, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातली हळद आणि २००५ चा पूर, आणि क्लाउडचा विषय तिथंच मंजूर झाला.

आम्ही क्लाउडवर सगळ्यात स्वस्त, एक जीबी रॅमवालं मशीन घेतलं, त्यावर की-क्लोक, त्यावरच पोस्टग्रेस डेटाबेस. दोन दिवसांत मेलं. परत चालू केलं, परत मेलं. हा दोष की-क्लोकचा नाही, जावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याला जागा लागते, चिकटपणा आमचा नडला. चार जीबी केलं तेव्हापासून शांत आहे. महिन्याचा खर्च हजार-बाराशे रुपये, ज्यात यार्डात दोन दिवसाचा चहापण होत नाही असं मालकच म्हणतात. आणि नवीन पोरांना एक सांगतो, स्टार्ट-डेव्ह नावानं जे चालू होतं ते फक्त शिकायला, त्यातच गिऱ्हाईकाचा डेटा ठेवू नका, आम्ही आठवडाभर ठेवला होता, नशीब सीझन नव्हता.

की-क्लोकमध्ये रेल्म म्हणजे अख्खं यार्ड समजा, क्लायंट म्हणजे त्यातले वेगवेगळे गाळे: एक आमचं ॲप, एक दुकानातला हिशोबाचा प्रोग्रॅम, एक वेबसाइट. रोल म्हणजे शेतकरी, दिवाणजी, खरेदीदार, मालक. हे चित्र डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं 'इनव्हॅलिड पॅरामीटर रिडायरेक्ट यूआरआय' ह्या एका लाल ओळीशी मारामारी करण्यात जातं. लॉगिन झाल्यावर ॲपमध्ये परत कुठल्या पत्त्यावर यायचं तो पत्ता ॲपमध्ये आणि की-क्लोकमध्ये अक्षर न अक्षर सारखा पाहिजे, शेवटचा एक स्लॅश जास्त झाला तरी गेटवरनं परत. आमचा मित्र म्हणतो तसा हा वॉचमन मिलिटरीतनं रिटायर झालेला आहे.

मग तक्रार आली की ॲप सारखं सारखं लॉगिन मागतंय. शेतकरी सकाळी पट्टी बघतो, दुपारी परत उघडतो, परत ओटीपी. बघितलं तर की-क्लोकची डिफॉल्ट सेटिंगं बँकेच्या हिशोबानं आहेत: ॲक्सेस टोकन, म्हणजे आत फिरायचा पास, ५ मिनिटांचं, सेशन ३० मिनिटं काही हालचाल नाही झाली की बंद. शेतकरी आठवड्यातून एकदा ॲप उघडणार, त्याला ३० मिनिटं कुठं पुरतायत. त्याच्यासाठी ऑफलाइन ॲक्सेस नावाचा स्कोप, म्हणजे जादा परवानगी, आहे, तो मागितला की ३० दिवस न वापरता पण टिकणारं टोकन मिळतं. शेतकऱ्याला ते दिलं, दिवाणजींना मुद्दाम दिलं नाही, कारण त्यांचा फोन गल्ल्यावर पडलेला असतो आणि येणारा-जाणारा क्रिकेटचा स्कोअर बघायला उचलतो. अशी माणसागणिक वेगळी सोय करता येते, इथं की-क्लोकला मी पैकीच्या पैकी देतो.

पण एसएमएस ओटीपी त्यात तयार मिळत नाही, हे आधीच कळलं असतं तर बरं झालं असतं. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड आहे, पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं आत जायची सोय) आहे, एसएमएस नाही. त्यासाठी जावामध्ये आपला तुकडा लिहून जोडावा लागतो, आम्ही तिघांत जावा येणारा एकच, तो तेव्हा स्वतःच्या लग्नाच्या खरेदीत. तुकडा झाला तर पुढं डीएलटी, म्हणजे धंद्याच्या एसएमएसची नोंदणी. ट्राय, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१८ च्या नियमानं धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर आधी दुकानाची नोंदणी, मग सहा अक्षरी हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा मजकूर शब्दन् शब्द मंजूर करून घ्यायचा, मध्ये फक्त आकड्याची जागा मोकळी. आमचा मराठी मजकूर पहिल्यांदा नामंजूर झाला, का ते धड कुणी सांगितलं नाही, ज्या एसएमएसवाल्याकडून घेतलं त्याचा सपोर्टवाला रोज "सर उद्या" म्हणायचा, नाव घेत नाही. बारा दिवस गेले त्यात. आता मेसेज पंधरा-वीस पैशाला जातो, दुकानाच्या नावानं जातो, मराठीत जातो, आणि त्यामुळं आजोबांसारख्यांचा विश्वास जरा तरी बसतो. लॉगिनचं पान पण मराठीत केलं, सगळी वाक्यं एका फाईलमध्ये असतात, बसून भाषांतर केलं की झालं. कर्नाटकातनं, अथणीकडनं हळद येते, त्या शेतकऱ्यांसाठी कन्नड पण टाकलं, ते मिरजेच्या एका मावशींकडून तपासून घेतलं, कारण आमच्या कन्नडला त्या पाच मिनिटं नुसत्या हसल्या.

एवढं करून की-क्लोकचा फायदा शेतकऱ्यांसाठी किती झाला म्हणाल तर थोडाच. तीन-चारशे खातेदारांना फायरबेस पुरलं असतं, मान्य. फायदा झाला तो गाळ्याच्या आत. आधी दुकानातल्या हिशोबाच्या प्रोग्रॅमला सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड होता, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं पेनानं लिहिलेला, गणपतीचं नाव आणि पुढं १२३. सांगलीत निम्म्या दुकानांचा हाच असणार, पैज लावतो. मागच्या दिवाळीनंतर एक दिवाणजी काम सोडून यार्डातच दुसऱ्या गाळ्यावर गेले. चांगली माणसं, भांडण-बिंडण काही नाही, पण खरेदीदार कुठल्या दराला तयार होतात हे सगळं त्या प्रोग्रॅममध्ये. पूर्वी असं झालं की पासवर्ड बदलायचा आणि मग आठ दिवस सगळे एकमेकांना विचारत बसायचे. ह्या वेळी मालकांनी फोन केला, मी घरी जेवत होतो, डाव्या हातानं फोनवर की-क्लोक उघडून त्या गेलेल्या दिवाणजींच्या नावासमोरचं एक बटण बंद केलं, चालू सेशन काढून टाकलं, ॲप, प्रोग्रॅम, वेबसाइट तिन्हीकडनं एकदम बाहेर. भाकरी गार झाली नाही.

आता गाळ्याचं बघू. फ्लटरवर मी खूश आहे. १.० आलं २०१८ च्या डिसेंबरमध्ये, त्याची भाषा डार्ट शिकायला पंधरा दिवस लागतात, आणि हॉट रीलोड, म्हणजे कोड बदलला की लगेच स्क्रीन बदलणं, ही काय मजा आहे ते गिऱ्हाईक शेजारी बसलं की कळतं: मालक म्हणतायत अक्षर मोठं करा, तोवर मोठं झालेलं असतं. देवनागरी नीट दिसते, फक्त ओळीची उंची कमी ठेवलीत तर 'पट्टी'ची वेलांटी वरनं छाटली जाते, आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये अख्ख्या दुकानाची पट्टी टोपी काढून उभी होती. आकड्यांचंही ध्यान ठेवा. मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, लावला की आकडे आपोआप १२३ असे मराठीत येतात, आम्हाला वाटलं किती छान, दिवाणजी म्हणाले पट्टीवर आम्ही आयुष्यभर इंग्रजी आकडे लिहितो, हे काय. मग तारीख मराठीत आणि रक्कम इंग्रजी आकड्यात केली, पण मग स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीनं पडला, सव्वा लाखाच्या रकमेत तीन आकड्यांवर. मालकांनी बघितलं आणि विचारलं हे एकशे पंचवीस हजार कुणाचे. इंडियन लोकेल लावल्यावर लाख जागेवर आला.

रिॲक्ट नेटिव्ह, फेसबुकवाल्यांनी २०१५ ला ओपन केलेलं, त्यावर आम्ही आधी एका डेअरीचं दूध संकलनाचं ॲप केलं होतं. जावास्क्रिप्ट येणारी पोरं सांगलीत ढिगानं मिळतात, डार्टवाली शोधावी लागतात, हा एकच मुद्दा कधी कधी बाकी सगळ्यावर भारी पडतो. एक्स्पो हे त्याच्या जोडीचं साधन लावून सुरुवात केलीत तर निम्मा त्रास वाचतो. तुमच्याकडं वेबसाइटचं रिॲक्टचं काम आधीच असेल तर फ्लटरकडं बघू पण नका. कोटलिन भाषेत शुद्ध अँड्रॉइड ॲप करणं हा पण इथं मूर्खपणा नाही, यार्डात शंभरातले पंच्याण्णव फोन तेच दिसतात, पण आम्हाला तेव्हा अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडचं स्वप्न होतं. मायक्रोसॉफ्टच्या झॅमरिन ह्या ॲप प्लॅटफॉर्मचं कुणी सांगत असेल तर त्याचा सपोर्ट १ मे २०२४ ला संपला, नव्यानं त्यात पडू नका.

भाच्यानं नंतर सुचवलेलं फ्लटरफ्लो पण बघितलं, ओढून-सोडून स्क्रीन करायचे, दिसायला झकास, पण पिन, खातं निवडणं, रोल हे सगळं आलं की शेवटी कोड लिहावाच लागतो. उलट गूगलच्या ॲपशीटनं मला गप्प केलं. गोडाऊनमध्ये कुठल्या थप्पीला किती पोती हे नुसतं बघायला पाहिजे होतं, दिवाणजींच्या शीटवरनंच दोन दिवसांत ॲप झालं, पाच माणसं वापरतात, गूगलच्या खात्यानं आत जातात. त्याला ॲप म्हणायला आमच्यातल्या एकाला अजून लाज वाटते, पण दुकानात सगळ्यात जास्त उघडलं जाणारं तेच आहे.

आता ह्या दोघांची, वॉचमनची आणि गाळ्याची, गाठ कुठं पडते ते बघा, कारण तिथं कुणी आधी बघतच नाही. लॉगिनचं पान ॲपच्या पोटात वेबव्ह्यू, म्हणजे छोटा ब्राउझर, टाकून दाखवायचं नाही, फोनच्या खऱ्या ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडायचं, असा ओऑथचा २०१७ चा नियमच आहे, आणि कारण चांगलं आहे, पोटातल्या पानावर ॲपवाला पासवर्ड वाचू शकतो. फ्लटरला आणि रिॲक्ट नेटिव्हला दोन्हीकडं हेच काम करणाऱ्या ॲपऑथ ह्या तयार कोडवर बांधलेली पॅकेजं आहेत, दोन्ही चालतात, इथं हरजीत नाही. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा: हिरवं ॲप उघडलं, बटण दाबलं, आणि एकदम क्रोमचं पांढरं पान, वर वेबसाइटचा पत्ता. लोकं घाबरून मागं येत होती. "हे दुसरंच कायतरी उघडलं." आम्ही ते पान हुबेहूब ॲपच्या रंगाचं केलं, वर दुकानाचं नाव आणि मालकांच्या वडलांचा तोच फोटो जो गाळ्यात हार घालून लावलाय. फोटो बघून लोकं थांबायला लागली. फायरबेसचा ओटीपी ॲपच्या आतच होतो, हा त्रास तिथं नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

स्टोअरचा खर्च विचारतात सगळे. प्ले स्टोअरला २५ डॉलर एकदाच, ॲपलला ९९ डॉलर दरवर्षी, वर मॅक पाहिजे. प्लेचं नवीन पर्सनल अकाउंट असेल तर ॲप खुलं करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. आमचे टेस्टर म्हणजे चहावाला, त्याचा मेहुणा, क्लासची चार पोरं, दोन हमाल आणि घरची मंडळी. माझ्या आईनं १४ दिवस रोज ॲप उघडून हळदीचे दर बघितले आणि अजून बघते.

तर आज कुणी विचारलं तर माझं असं: दुकान एक, ॲप एक, माणसं थोडी, तर फायरबेस आणि फ्लटर, महिन्याभरात मोकळे व्हा, फक्त खातेदार आणि नंबर वेगळे ठेवा. दोन-तीन सॉफ्टवेअर आहेत, माणसं येतात-जातात, तर की-क्लोक, पण तुमच्यात एकाला तरी सर्व्हर सांभाळता आला पाहिजे आणि रात्री फोन उचलायची सवय पाहिजे. की-क्लोकची नवीन व्हर्जन भराभर येतात, अपडेट सीझनमध्ये करू नका, पावसाळ्यात करा.

आयफोनचं ॲप अजून केलेलं नाही. अख्ख्या दुकानात आयफोन एकट्या मालकांच्या मुलाकडं आहे, आणि तो पट्टी बघायची असली की वडलांचा फोन मागून घेतो.